मंगळवार, दुपारी पावणेचार

आमच्या पतसंस्थेत दुपारी साडेतीनला काउंटर बंद होतं आणि मग रोकड जुळवायची. त्या मंगळवारी मी पाचशेच्या नोटांची तिसरी गड्डी मोजत होते. गड्डी अर्धी झाली असेल-नसेल, पाठीच्या कण्यातून एक थंड शिरशिरी वर चढली. शेजारच्या सहकाऱ्याला पंखा बंद करायला सांगितलं. पुन्हा मोजायला घेतलं तर आकडा डोक्यात टिकेना. घड्याळात पावणेचार वाजले होते. साडेचारला मी रिक्षात होते, ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून, आणि सिंहगड रस्त्यावरचा एकेक खड्डा कमरेत जाणवत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "काल पावणेचारपासून." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बघा, हेच फ्लूचं लक्षण. साध्या पडशाला कुणी वेळ सांगत नाही. परवापासून जरा नाक वाहतंय, काल घसा खवखवत होता, असं सांगतात. फ्लूचा पेशंट घड्याळ सांगतो."

हे वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं. आपल्याकडे "फ्लू" हा शब्द फार सैल वापरतात. दोन शिंका आल्या की फ्लू, पावसात भिजलं की फ्लू. त्यामुळे खरा फ्लू आला तेव्हा तो वेगळा असतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पडसं नाकात असतं आणि माणूस कामावर जाऊ शकतो. फ्लू अख्ख्या अंगात असतो. ताप चढतो, हुडहुडी भरते, डोळे हलवले तरी दुखतात, मांड्या आणि कंबर कुणी लाटण्यानं बडवल्यासारखी होते. नाक तर माझं पहिले दोन दिवस वाहिलंच नाही. कोरडा खोकला होता, ढास लागल्यासारखा, आणि प्रत्येक ढाशीबरोबर डोक्यात घण बसायचा.

पहिल्या रात्री आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगते. घरी आले तेव्हा ताप १०२.४ होता. घरात पॅरासिटामॉलच्या ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या, त्यातली एक साडेपाचला घेतली. नवरा सातला आला, माझी अवस्था बघून तसाच खाली गेला आणि औषधाच्या दुकानातून "सर्दी-तापाची गोळी" मागून घेऊन आला. ती मी साडेसातला घेतली. रात्री दहाला पुन्हा अंग तापलं म्हणून तिसरी घ्यायला पाकीट हातात घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉलच होतं, ५०० मिलिग्रॅम, शिवाय नाक मोकळं करणारं एक औषध आणि झोप आणणारं एक. म्हणजे दोन तासांत मी साडेअकराशे मिलिग्रॅम घेतलं होतं आणि आणखी घेणार होते.

एवढ्यानं मला काही झालं नाही. पण हे दोन-तीन दिवस असंच चाललं असतं तर यकृतावर आलं असतं. मोठ्या माणसानं चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल कधीच घ्यायचं नाही, आणि बारीक चणीच्या, यकृताचा त्रास असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसानं त्याहूनही बरंच कमी. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत ते असतंच. नाव वेगळं म्हणून औषध वेगळं, असं नसतं. नाक मोकळं करणारं ते औषध रक्तदाब वाढवतं, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणजे आमच्या आईंनी, माझ्या सासूबाईंनी, तीच गोळी सहज म्हणून घेतली असती तर?

त्याच रात्री मी मुलीची जुनी गणिताची वही मागवली, उरलेल्या कोऱ्या पानांची. आडव्या रेघा मारल्या: वेळ, ताप, औषध किती, पाणी किती, लघवी किती वेळा. सगळी हयात जमा-खर्च लिहिण्यात गेली, तापाचं खातं लिहायला काय अवघड? अंगात ताप असताना माणसाला वेळेचं भान राहत नाही. मगाशी गोळी घेतली ती दोन तासांपूर्वी की पाच, हे आठवत नाही. वहीला आठवतं.

बुधवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. ऑगस्टचा शेवट, भिंतीवर डेंग्यूचं पोस्टर. आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा असतात, एक पावसाळ्यात आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. पावसाळ्यातली पंचाईत अशी की तेव्हाच डेंग्यूही असतो, आणि पहिल्या दिवशी दोघांचा चेहरा सारखाच. अंग दुखतं, डोळ्यांमागे दुखतं, ताप धाडकन चढतो. मॅडमनी घसा बघितला, छाती तपासली, दंडावर पुरळ आहे का पाहिलं. खोकला आणि घसा म्हणजे फ्लूकडे कल, पण डेंग्यू नाहीच असं पहिल्या दिवशी म्हणता येत नाही, म्हणून पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठलीही तापाची किंवा अंगदुखीची गोळी घ्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बरं वाटतं खरं, पण डेंग्यू निघाला तर त्याच गोळ्या रक्तस्रावाला कारण होऊ शकतात. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर रक्त तपासू, म्हणाल्या.

बाहेर बसलेले एक काका त्यांच्या बायकोसाठी "एक सलाईन लावा, ताकद येईल" म्हणून मागे लागले होते. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एखादं इंजेक्शन, एखादी पाच दिवसांची अँटिबायोटिक, काहीतरी ठोस. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला पाणी तोंडानं जातंय, मग शिरेतून कशाला? आणि अँटिबायोटिक जंतूंवर चालते, फ्लूच्या विषाणूवर नाही." मग फ्लूवरच्या औषधाचं विचारलं. ते आहे, ओसेल्टामिविर. पण ते सुरुवातीच्या अठ्ठेचाळीस तासांत घेतलं तर खरा उपयोग, आणि धडधाकट माणसाला त्यानं आजार साधारण एखाद दिवसानं कमी होतो. मला नको, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

घरी नवरा, सात वर्षांची मुलगी आणि आई. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, साखर आणि रक्तदाब दोन्ही.

"त्यांना काहीही झालं, काहीही, तर पहिल्या दिवशी घेऊन या. तिसऱ्या दिवशी नाही."

मी मान हलवली. वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं.

मॅडमनी मला ज्या पद्धतीनं समजावलं ती २००९ नंतरची आहे. स्वाइन फ्लूच्या वेळी सरकारनं पेशंटचे ए, बी, सी असे गट पाडले होते. सौम्य ताप-खोकला तो ए, घरी राहायचं, तपासणीची गरज नाही. ताप जास्त किंवा घसा फार धरलेला, किंवा लक्षणं सौम्य असली तरी घरातलं लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेह-दमा-हृदयविकार असलेलं कुणी, तो बी, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि औषध लवकर. आणि दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी येणं, थुंकीत रक्त, नखं निळसर पडणं हे सी. मग वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय.

२००९ चा ऑगस्ट मी पुण्यातच काढला आहे. ३ ऑगस्टला एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू. आठवडाभरात शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा, दुचाकीवरच्या प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. तो विषाणू नंतर कुठे गेला नाही. आज तो दरवर्षीच्या फ्लूंपैकीच एक आहे. आई मात्र त्याच्याही मागचं सांगतात. मी पडल्या पडल्या त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर मानमोडी." त्यांच्या आजीचा शब्द. १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे, ज्या साथीत एकट्या भारतात एक कोटीच्या वर माणसं गेली. बुधवारी दुपारी उशीवरून मान उचलायला गेले आणि उचलवली नाही, तेव्हा तो शब्द कुणी का काढला असेल ते मला कळलं.

आता उताऱ्याचं. फ्लूवर उतारा म्हणजे शरीर लढत असताना त्याला सोसवेल असं करणं. बरं शरीरच करतं, आपण त्याची सोय बघायची. त्यात सगळ्यात वरचा नंबर मी पडून राहण्याला देईन, त्याच्याखाली पाण्याला. पहिल्या दिवशी मला वाटत होतं मी भरपूर पाणी पितेय. वहीत बघितलं तर सकाळपासून दीड पेला. लघवी एकदा, गडद पिवळी. डोकं का फुटतंय याचं अर्धं उत्तर तिथेच होतं. मग नवऱ्यानं उशाशी तांब्या ठेवला आणि दर तासाला अर्धा पेला असा नेम लावला. एकदम पेलाभर पाणी पोटात राहत नव्हतं, घोट घोट राहत होतं.

जेवणाची वासना नव्हतीच. तोंडाला चव नाही, भाजीच्या फोडणीच्या वासानं मळमळायचं. आईंनी भाताची पेज केली. कण्या भाजून, त्यात मीठ, जिरं आणि वर अर्धा चमचा तूप. ती पेज एवढी पातळ होती की वाटी तिरपी केली की कडेनं पाण्यासारखी पळायची, खाली कण्या तेवढ्या राहायच्या. बुधवारी दिवसभरात तीन वाट्या. गुरुवारी मुगाचं कढण. त्यानंतर लिंबाच्या लोणच्याची एक फोड जिभेवर ठेवली तेव्हा तोंडाला पहिल्यांदा काहीतरी लागलं.

घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी खरंच बरं वाटतं, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाचदा. गवती चहा, आलं, सुंठ-गूळ, हळद घातलेलं दूध, यांनी घसा ओला राहतो आणि मनाला आधार वाटतो. आईंचा काढ्यावर फार विश्वास, आणि मी तो आनंदानं घेतला. पण काढा घेतला म्हणून ताप दोन दिवस आधी उतरला, असं मी कुणाला सांगणार नाही. काढा दिवसातून पाच वेळा मिरी-लवंग घालून घेतला की पोटात आग पडते, हेही खरं. झोपताना चमचाभर मध चाटल्यानं रात्रीचा खोकला मात्र नक्की बसला. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटालाही नाही.

पांघरुणाचं शास्त्र मला नव्यानं शिकावं लागलं. हुडहुडी भरते तेव्हा ताप चढत असतो, तेव्हा घ्या दोन गोधड्या. पण एकदा थंडी थांबली, अंग तापलं, की गोधडी काढायची, सुती कपडे, पंखा हळू. घाम यावा म्हणून तापलेल्या माणसाला गुंडाळून ठेवू नये. आणि ताप उतरवायला बर्फाचं पाणी नको, त्यानं उलट कापरं भरतं आणि ताप आणखी चढतो. कोमट पाण्याचा पंचा, मानेवर, काखेत, जांघेत, एवढं पुरतं.

गुरुवारी संध्याकाळी आमची मुलगी चिनू शाळेतून आली आणि दप्तर न काढता सोफ्यावर आडवी झाली. मला बघायचीही गरज पडली नाही. १०३.२.

मुलांच्या तापात औषध वयावर नाही, वजनावर द्यायचं. किलोला पंधरा मिलिग्रॅम हा पॅरासिटामॉलचा हिशेब. चिनू एकवीस किलोची, म्हणजे तीनशेच्या आसपास. बाटलीवर पाच मिलीत २५० लिहिलं असेल तर सहा मिली. इथे पुन्हा वहीनं वाचवलं. हिशेब मांडताना कळलं की कपाटात दोन बाटल्या आहेत, एक आत्ताची आणि एक ती तीन वर्षांची असतानाची, जिच्यात पाच मिलीत १२५ च होतं. नवऱ्यानं जुनी उचलली असती तर अर्धंच औषध गेलं असतं आणि रात्रभर आम्ही ताप उतरत नाही म्हणून घाबरत बसलो असतो. उलटं झालं असतं तर दुप्पट. जुनी बाटली तेव्हाच टाकली. मोजायला बाटलीबरोबरचं टोपण घ्यायचं, घरातला चमचा नाही, एकेक चमचा वेगळा असतो. दोन डोसांत निदान चार ते सहा तास आणि दिवसात चारच्या वर नाही. आईंच्या गोळ्यांच्या डब्यात रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन असते, तो डबा मी वरच्या फळीवर ठेवला. फ्लूत मुलांना ॲस्पिरिन द्यायचीच नाही, त्यानं मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

तिला वाफ मी दिली नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मूल वाकवायचं आणि वर चादर टाकायची, यात हात लागून भाजलेली मुलं मी आमच्याच इमारतीत बघितली आहेत. नाक चोंदलं की मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घातले, उशी जरा उंच केली. शुक्रवारी मॅडमनी तिला तपासलं आणि माझी रक्ताची तपासणीही झाली. डेंग्यू नव्हता, प्लेटलेट व्यवस्थित होत्या. माझा ताप शनिवारी पहाटे उतरला. कपाळावर घाम आला होता आणि खिडकीतून पारिजातकाचा वास आला. मला वास आला, याचंच मला रडू आलं.

आणि त्याच शनिवारी आईंचं झालं.

हे मी सावकाश लिहिते, कारण मला वाटतं याचसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. आईंना ताप नव्हता. सकाळी त्या उठल्या, पण चहा अर्धा ठेवला. आई चहा ठेवत नाहीत, कधीच नाही. मी विचारलं, "अहो आई, बरं नाही का वाटत?" "काही नाही गं, रात्री झोप नीट लागली नाही." मी थर्मामीटर लावला, ९९.२. माझ्या मनानं तो आकडा वाचला आणि सुटकेचा श्वास टाकला. चिनू १०३, मी १०२, आणि आई ९९, मग फ्लू कसला? दिवसभर त्या पडून होत्या. दुपारी जेवल्या नाहीत, पण साखरेची गोळी घेतली. संध्याकाळी सहाला मी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले. दिवा लावलेला नव्हता. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कुसुम, दूधवाला येऊन गेला का गं?"

कुसुम त्यांची धाकटी बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी वाटी खाली ठेवली. करोनाच्या काळातला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता. त्यांचा हात गार होता, मी आधी दोन्ही हातांत धरून चोळून गरम केला, कारण गार बोटावर तो चुकीचं दाखवतो. ९१. दुसऱ्या बोटावर, ९१. श्वास मोजले, मिनिटाला अठ्ठावीस. छातीची हालचाल बघत एक मिनिट पूर्ण घड्याळ लावून मोजले, आणि तो एक मिनिट मला अजून आठवतो. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "इकडे आणू नका, थेट ॲडमिट करा."

रुग्णालयात क्ष-किरणात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाचा डाग दिसला. साखर ३१० होती. नाकातल्या-घशातल्या स्रावाची तपासणी केली, दुसऱ्या दिवशी इन्फ्लुएन्झा ए आला. ओसेल्टामिविर अहवालाची वाट न बघता त्या रात्रीच सुरू केलं, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मला नाकारलेलं औषध त्यांना पहिल्या तासात दिलं, आणि त्यांना अँटिबायोटिकही दिली, कारण फ्लूनं छाती कमकुवत केल्यावर मागून जंतू शिरतात. तेव्हा मला कळलं की मॅडम औषधांच्या विरोधात नव्हत्या, कुणाला काय लागतं ते बघत होत्या.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, म्हाताऱ्या माणसाचं शरीर बऱ्याचदा ताप चढवू शकत नाही. तरुणाला १०३ येतो तेव्हा त्यांना ९९ येईल, किंवा येणारही नाही. त्यांच्यात फ्लू वेगळ्या रूपानं दिसतो: अचानक गळून जाणं, जेवण सोडणं, उठताना तोल जाणं, बोलण्यात भ्रम. घरातल्यांना वाटतं वय झालं, झोप झाली नसेल. आणि मधुमेही माणूस जेवत नसेल तर साखरेची गोळी घ्यायची की थांबवायची हे घरी ठरवायचं नाही, त्याच दिवशी फोन करून विचारायचं. हे सगळं माझ्या वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत आधीच लिहिलेलं होतं: काहीही झालं तर पहिल्या दिवशी. मी सकाळी आठला अर्धा कप चहा बघितला आणि संध्याकाळी सहापर्यंत थांबले. ते दहा तास मी अजून मोजते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून तो पसरवायला लागतो. मला मंगळवारी पावणेचारला थंडी वाजली. सोमवारी संध्याकाळी, श्रावणी सोमवारचा उपास सोडून झाल्यावर, मी आईंच्या डोक्याला तेल लावून दिलं होतं, अर्धा तास, त्यांच्या मागे बसून गप्पा मारत. तेव्हा मला काहीच होत नव्हतं. यात माझा दोष नाही हे मला समजतं, कदाचित त्यांना ते चिनूकडूनही आलं असेल. पण मंगळवारनंतर मी काळजी घ्यायला हवी होती ती अर्धीच घेतली. स्वतःला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि चिनू मात्र रोजच्यासारखी आजीजवळ झोपली, गुरुवारीसुद्धा. मास्क, खिडक्या उघड्या, हात धुणं, हे तिच्यासाठी आणि त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

आई रुग्णालयात, नवरा त्यांच्यापाशी, मी घरी चिनूबरोबर. रविवारी तिचा ताप उतरला. सोमवारी सकाळी ती पलंगावरून उतरली आणि किंचाळून खाली बसली. पोटऱ्यांना हात लावू देईना. टाचा टेकवेना, चवड्यांवर दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. माझ्या पोटात खड्डा पडला, मनात लकव्यापर्यंत विचार आले. मॅडमनी तिला टेबलावर बसवलं, पाय हलवून बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली, लघवीचा रंग विचारला. रंग साधा पिवळाच होता, वहीत लिहिलेला होता. मुलांमध्ये फ्लूचा ताप उतरता उतरता पोटऱ्यांच्या स्नायूंना सूज येते, म्हणाल्या, शाळेच्या वयाच्या मुलांत हे दिसतं आणि आठवड्याच्या आत जातं. लघवी चहासारखी तांबडी झाली किंवा पायातली ताकदच गेली तर मात्र लगेच यायचं. रक्ताची एक तपासणी केली, भरपूर पाणी आणि आराम सांगितला. गुरुवारी ती घरभर पळत होती.

आई पाचव्या दिवशी घरी आल्या, भिंत धरत. पहिलं वाक्य, "तुला उगाच त्रास झाला." त्यांना शुक्रवारी रात्रीच अंग दुखत होतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. माझा ताप अजून उतरला नव्हता, नात तापली होती, त्यात आपलं कुठे काढायचं म्हणून त्या गप्प राहिल्या. आपल्या घरांत ही गोष्ट फार आहे. म्हाताऱ्या बायका दुखणं सांगत नाहीत, ते विचारून, बघून, चहाच्या कपावरून ओळखावं लागतं. आता सकाळी मी त्यांना "कसं वाटतंय" असं विचारत नाही, "काल रात्री काय दुखलं" असं विचारते. त्याला उत्तर येतं.

ताप गेला म्हणजे फ्लू गेला असं नाही. मी आठव्या दिवशी कामावर गेले, औषध न घेता पूर्ण चोवीस तास ताप नसल्याची खात्री करून. दुपारी दोन वाजता रोकड मोजताना हात कापायला लागले. जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायचं. खोकला तीन आठवडे राहिला. त्यातली जी खूण लक्षात ठेवायला हवी ती ही की, हळूहळू का होईना पण रोज थोडं बरं वाटत जायला हवं. बरं वाटून दोन-तीन दिवस झाले आणि पुन्हा ताप चढला, खोकला वाढला, बेडका घट्ट झाला, तर ते छातीत गेल्याचं लक्षण असतं.

मॅडमनी फ्लूच्या लशीचं सांगितलं होतं. विषाणू दरवर्षी रूप बदलतो म्हणून लसही दरवर्षी नवी, आणि अंगात संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आमच्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. तिनं फ्लू होतच नाही असं नाही, पण आईंसारख्यांना रुग्णालय गाठायची वेळ कमी येते. मे महिन्यात आम्ही चौघं गेलो. चिनूनं डोळे मिटून घेतले, आईंनी मिटले नाहीत.

घरी आल्यावर मी वही काढली तर आई म्हणाल्या, "दे इकडे, मी लिहिते." चष्मा लावला, शेवटच्या पानावर पेनानं रेघ ओढली. त्यांचं अक्षर आता थरथरतं, पण वेलांट्या अजून पूर्ण असतात. वेळेच्या रकान्यात लिहिलं, सकाळी अकरा. औषधाच्या रकान्यात, फ्लूची लस, डावा दंड. मग पेन तसंच धरून थांबल्या आणि मला विचारलं, "तापाच्या रकान्यात काय लिहू?"

"नाही, असं लिहा," मी म्हटलं.